पेशी वाढली की सरकली?

आपली शाळा परळची. टाटा हॉस्पिटलबाहेर फाइल आणि गाठोडं घेऊन बसलेली गावाकडची माणसं बघतच इथली मुलं शाळेत येतात. म्हणून सुवर्णमहोत्सवी अंकात याच कामाबद्दल लिहितो आहे: कॅन्सर शरीरभर पसरतो कसा, हे शोधायचं म्हणजे रोज काय करायचं.

पसरणं कॅन्सरच्या पेशीलाही सोपं नसतं. १९७० साली फिडलर या संशोधकांनी किरणोत्सारी खूण केलेल्या पेशी उंदरांच्या शिरेत सोडल्या. दिवसभरात हजारात एखादीच जिवंत उरली. आमचा सगळा शोध त्या एखादीचा.

सुरुवात होते खरवड चाचणीने. प्लेटच्या तळाशी पेशींचा सलग थर वाढवायचा, पिपेटच्या २०० मायक्रोलिटरच्या टिपेने (प्लास्टिकच्या टोकाने) सरळ ओरखडा काढायचा, सुटलेल्या पेशी दोनदा धुऊन टाकायच्या आणि लगेच व २४ तासांनी फोटो घ्यायचा. प्लेटच्या खालून मार्करची खूण हवीच, नाहीतर दुसरा फोटो भलत्याच जागेचा येतो. ओरखडा भरला की नवशिके आनंदतात. पण तो पेशी सरकून भरला की तिथेच दुप्पट होऊन? हे कळावं म्हणून आधी माइटोमायसिन हे औषध देऊन विभाजन थांबवतात, किंवा पेशींना वाढवणारं सीरम (रक्तातला पातळ द्रव) कमी ठेवतात.

पुढची चाचणी ८ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्याची. पडद्यावर मॅट्रिजेलचा, म्हणजे शरीरात पेशींभोवती असतो तशा जेलचा, पातळ थर, वर पेशी आणि सीरम नसलेलं माध्यम (पेशी वाढवायचं द्रावण), खाली १० टक्के सीरमवालं. भुकेली पेशी जेल पोखरून खाली उतरते. मॅट्रिजेल १० अंशांच्या वर गेलं की थिजू लागतं, त्यामुळे बाटली बर्फात आणि टिपाही थंड. पडद्याखाली हवेचा बुडबुडा अडकला तर तेवढ्या भागाला सीरम लागतच नाही. शेवटी वरच्या पेशी कापसाच्या काडीने पुसायच्या, खालच्या जांभळ्या रंगवून मोजायच्या. कडेला पुसायचं राहिलं, तर न उतरलेल्या पेशीही उतरलेल्यांत मोजल्या जातात.

आणि पेशी कुणाची हे तपासल्याशिवाय काहीच सुरू करू नये. एमडीए-एमबी-४३५ ही प्रयोगशाळांत वाढवली जाणारी पेशी कित्येक वर्षं स्तनाच्या कॅन्सरची म्हणून वापरली गेली. ती निघाली मेलॅनोमाची, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरची. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूंची लागण तर साध्या सूक्ष्मदर्शकात दिसतसुद्धा नाही.

पेशी शरीराबाहेर वाढवण्याची ही विद्या आपल्याकडे रुजवली ती कमल रणदिवे यांनी, परळच्याच कर्करोग संशोधन केंद्रात. ते काम आता खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच संशोधन केंद्रात चालतं. या कामात यायचं तर एम.एस्सी.नंतर नेट किंवा तत्सम परीक्षा, मग पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं. त्यातला मोठा वेळ एकच प्रयोग तीनदा करण्यात जातो, आणि तो जायलाच हवा.

कारण हॉस्पिटलातही प्रश्न हाच आहे: पेशी पसरली की नाही? तोंडाचा कॅन्सर लहान असतानाच, मानेत गाठ लागत नसली तरी, मानेतल्या ग्रंथी काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात असतात. वाट पाहिली तर ६७.५ टक्के. टाटामधला हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. मात्र ज्यांच्या ग्रंथी काढतात त्यांपैकी अनेकांच्या ग्रंथींत कॅन्सरच्या पेशी पोचलेल्याच नसतात. कुणाच्या पोचणार, हे शस्त्रक्रियेआधी तोंडातल्या छोट्याशा तुकड्यावरून खात्रीने सांगता आलं, तर कितीतरी माना चिरायच्या वाचतील.