लव्हाळ्याच्या गाठी आणि एप्रिलचं ऊन

महापुरात झाडं वाहून जातात आणि लव्हाळे वाचतात, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. बागेत तण म्हणून माजणारा हाच लव्हाळा एप्रिल-मेच्या उन्हात उघड्यावर पडला तर मात्र वाचत नाही. पुणे, नगर, संभाजीनगरपासून विदर्भापर्यंत फुलबाग करणाऱ्यांपैकी बरेच जण हे दोन महिने नुसतं पाणी घालत झाडं जगवतात आणि तणाचा विचार पावसाळ्यावर ढकलतात. तिथेच चूक होते.

उन्हाळ्यात तण पाण्यामागे येतं. पाइपने सगळा वाफा भिजवला की मोगऱ्याच्या दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेत लव्हाळा, हरळी, घोळ, दुधी अशी सगळी तणं हजर. म्हणून आधी आळी, म्हणजे झाडाभोवतीचे पाण्याचे उथळ खड्डे, नीट करा. फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथवर आळं रुंद असावं, खोडाभोवती मातीची छोटी भर असावी म्हणजे पाणी खोडाला लागत नाही, आणि आळ्याबाहेरची माती कोरडी ठणठणीत राहू द्यावी. जमिनीतल्या मोठ्या मोगऱ्याला आठ-दहा लिटर पाणी एका वेळी पुरतं. काळ्या मातीत दोन-तीन दिवसांआड, मुरमाड जमिनीत जवळपास रोज. रोज थोडंसं शिंपडण्याची सवय वाईट, कारण मुळं वरच्या वर राहतात आणि वरचा थर तापला की तीच आधी मरतात. काळ्या मातीला भेगा पडू देऊ नका. भेगा पडताना बारीक मुळं तुटतात, आणि मग घातलेलं पाणी भेगांतून सरळ खाली जातं.

पाणी सकाळी आठच्या आत द्या. उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं गरम असतं, ते आधी बादलीत काढा. जास्वंद दुपारी माना टाकते म्हणून लगेच पाणी ओतायला धावू नका. दोन इंच खोल बोट घाला. माती ओली असेल तर झाड फक्त उन्हाला टेकलंय, संध्याकाळी सावरेल. सकाळीही पानं लोंबलेलीच असतील तर मात्र गडबड आहे: एक तर मुळाशी कोरड, नाहीतर जास्त पाण्याने मुळं कुजलेली. कुंड्यांत आणखी एक फसवणूक होते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही. वरून घातलेलं पाणी कडेकडेने उतरून खालच्या छिद्रातून बाहेर येतं, आपल्याला वाटतं झाड भरपेट प्यालं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबमध्ये ठेवा.

आता लव्हाळा. ओढला की हातात येतं ते फक्त पातं. खाली काळसर गाठी एका धाग्यात ओवल्यासारख्या असतात, धागा तुटला की झोपलेली प्रत्येक गाठ वेगळा कोंब काढते. म्हणजे उपटून तो वाढतो. आयुर्वेदात याच गाठीला मुस्ता म्हणून मान आहे. वाफ्यात तिला मान देऊ नका. बहुतेक गाठी वरच्या सहा इंचांत असतात. रिकामा वाफा असेल तर त्याचं पाणी तोडा, आठवडाभराने कुदळीने सहा-आठ इंच खणून ढेकळं उलटी टाका आणि तशीच तापू द्या. ढेकळं फोडायची घाई नको. आठ-दहा दिवसांनी पुन्हा पलटा. गाठ कापून बघा: आत पांढरी आणि टणक असेल तर जिवंत, तपकिरी आणि पोकळ झाली की गेली. वेचलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकल्यात तर पुढच्या वर्षी खताबरोबर साऱ्या बागेत पोचतील. पत्र्यावर पसरून दोन आठवडे वाळवा.

हरळीचंही असंच, तुकडा मागे राहिला की नवी हरळी. कुदळीने तुकडे करण्यापेक्षा माती काट्याने सैल करून लांब धागा अख्खा ओढावा.

झाडांच्या मधे खणता येत नाही. तिथे दर आठ-दहा दिवसांनी लव्हाळ्याचं पातं मातीच्या जरा खाली खुरप्याने कापत राहायचं. पानं वाढली की महिन्याभरात नव्या गाठी धरतात, त्या आधी कापलं तर जुनी गाठ साठा संपवत बसते. कंटाळवाणं काम आहे, एका उन्हाळ्यात संपत नाही. तणनाशकाच्या भानगडीत घरच्या बागेत पडू नये. वाऱ्याने एक झुळूक मोगऱ्यावर गेली तरी झाड आखडतं, आणि ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर तर केंद्र सरकारने 2022च्या अधिसूचनेने परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. मीठ-व्हिनेगरचे घरगुती उपायही नकोत, मीठ मातीतच राहतं.

बियांवर येणारी तणं सोपी आहेत. खुरपणी वाफशावर करा: माती मुठीत धरली तर गोळा व्हावी, पण हाताला चिकटू नये. घोळ उपटून तिथेच टाकू नका, मांसल देठ पुन्हा मूळ धरतो आणि पडल्या पडल्या बी पिकवतो. भाजी करा, उत्तम लागते. गाजरगवत फुलायच्या आत आणि हातमोजे घालूनच काढा, अंगावर खाज उठते.

मग आच्छादन. तण काढल्यावर, आधी नाही. उसाचं पाचट, वाळलेला पाला किंवा नारळाच्या शेंड्या दोन-तीन इंच जाड, खोडापासून चार बोटं दूर. खाली वर्तमानपत्राचे सहा-सात पदर ओले करून अंथरले तर बियांची तणं बरीच दबतात. लव्हाळ्याला हे काहीच नाही, तो कागदच काय, प्लास्टिकही टोचून वर येतो. आच्छादनाखाली वाळवी लागली का, हे मधूनमधून उचलून बघत जा.

शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, गुलाबाला आणि कुंड्यांना, 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी पुरे, तीही झाडांपासून दोन-तीन फूट वर. मोगऱ्यावर कधीच नको. सावलीत पानं होतील, कळ्या नाहीत. बहर ओसरला की फुललेली टोकं दोन पेरं खाली छाटा, कारण कळी नव्या फुटीवर येते. गुलाबाची पानं फिकट, ठिपक्याठिपक्यांची दिसली तर पान उलटून बघा, लाल कोळी असतो. पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून, सलग तीन-चार सकाळी. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला तर लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणपाणी, पण संध्याकाळीच; उन्हात फवारलं तर पानं भाजतात. मे महिन्यात युरिया आणि ताजं शेण दोन्ही टाळा.

वळवाचा पाऊस पडला की लगेच झेंडू लावायला घेऊ नका. आठ-दहा दिवस थांबा, तणाचं बी उगवून दोन पानांवर येऊ द्या, आणि उन्हाचा दिवस बघून खुरपं फक्त एक इंच खोल फिरवा. खोल गेलात तर खालचं नवं बी वर येईल. रोपं त्यानंतर.