उनो विकायची आहे? आधी चेसिस नंबर वाचता येतो का बघा

फियाट उनो १९९६ साली आली, कुर्ल्याच्या कारखान्यातून. जाहिरातीत तिला हौसेने ‘विंटेज’ म्हणतात. नियमात विंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी गाडी. तेव्हा तो शब्द सोडा आणि ‘पेट्रोल, पाच गियर, कागद पूर्ण’ असं लिहा. मात्र कागद खरंच पूर्ण असू द्या, कारण या गाड्यांचे सौदे इंजिनपेक्षा आरटीओत जास्त अडकतात.

नोंदणी पहिली १५ वर्षांची, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. १९९८ ची गाडी असेल तर २०१३, २०१८ आणि २०२३ ची पासिंग झालेली हवीत, ग्रीन टॅक्ससकट (जुन्या गाड्यांवरचा पर्यावरण कर). पुढचं पासिंग जवळ आलं असेल तर स्वतः करून विका. बिनपासिंगची गाडी गिऱ्हाइकं भंगाराच्या भावात मागतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

मग ‘वाहन’ या सरकारी नोंदणीच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाका. त्या काळच्या नोंदी जाडजूड रजिस्टरांतून संगणकावर चढल्या, त्यात नावाचं स्पेलिंग चुकणं, इंजिन नंबरचा एखादा आकडा गळणं नेहमीचंच. दुरुस्ती गिऱ्हाईक शोधायच्या आधी करून घ्या. आरसी बुकावर जुन्या कर्जाचा बोजा दिसत असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ लागेल. कर्ज देणारी कंपनी बंद पडली किंवा दुसरीत विलीन झाली असेल तर ते पत्र मिळवण्यातच खरा वेळ जातो. एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षेची नंबरप्लेटही आधीच बसवून घ्या.

चेसिस नंबर म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर; त्याची पेन्सिलछाप हस्तांतराच्या फॉर्मवर लागते. आकड्यांवर तीस वर्षांचा मळ, तेल आणि गंज असतो. रॉकेलचा बोळा फिरवा, मऊ ब्रशने घासा, कोरडं करा, पातळ कागद चिकटवून पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका. एक आकडा जरी झिजला तरी नंबरात फेरफार केल्याचा संशय येतो, आणि तो निस्तरणं गाडीच्या किमतीपेक्षा महाग पडतं.

आता गियरबॉक्स. जाणकार माणूस थंड इंजिनवर येईल आणि तिसऱ्यातून दुसरा टाकेल. करकर आली की सिंक्रो (गियर बिनआवाज जुळवणारी कडी) गेला, किंमत खाली. पण सगळेच गियर जड जात असतील, विशेषतः उभ्या गाडीत रिव्हर्स टाकताना दात वाजत असतील, तर आधी क्लच केबल बघा. या गाडीचा क्लच केबलचा आहे. केबल ताणली की क्लच पूर्ण सुटत नाही आणि बदनाम होतो गियरबॉक्स. गियर दांड्याची बुशं झिजली की दांडा ढिला डुलतो. हे दोन्ही खर्च किरकोळ आहेत, करूनच गाडी दाखवा. सिंक्रोसाठी मात्र गियरबॉक्स उतरवावा लागतो आणि सुटे भाग शोधत फिरावं लागतं; ते न करता दोष सांगून भावात वजा करा.

रंगाला हात लावू नका. नव्या रंगाखाली लांबी भरली असेल या शंकेने माणूस चुंबक घेऊनच येतो. दारांच्या खालच्या कडा, कार्पेटखालचा पत्रा आणि डिकीच्या काचेभोवतीचा गंज उघडा दाखवा. स्टेपनी बॉनेटखाली असते, इंजिनच्या उष्णतेने तिचं रबर कडक होऊन तडे जातात, तीही बघणार.

पीयूसी काढताना इंजिन पूर्ण तापवून न्या. कार्बोरेटरची गाडी, चोक अर्धवट अडकला किंवा एअर फिल्टर कोंदला की कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या मर्यादेवर जातो.

सौद्याच्या दिवशी हस्तांतराचे फॉर्म भरा: फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. या कोऱ्या टीटी (हस्तांतर) फॉर्मवर सही करून एजंटच्या हाती देऊ नका. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, म्हणजे नाव बदललं नाही तर जबाबदार तुम्हीच. हस्तांतराची खबर राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत द्यायची. परराज्यातलं गिऱ्हाईक असेल तर आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी आधी. दिल्लीचं असेल तर नाहीच म्हणा. तिथे १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी नोंदवून घेत नाहीत.