कुलूप ओढून बघणारा माणूस

पिक्चर लॉक होऊन नऊ दिवस झाले होते. लॉक म्हणजे आता एक फ्रेमही हलणार नाही, असा सगळ्यांनी एकमेकांना दिलेला शब्द. संकलकाने सुरुवातीच्या दहा फ्रेम जरी काढल्या, तरी पुढचे संवाद, पावलं, संगीत सगळं सरकतं आणि साउंडवाल्यांना ते पुन्हा जुळवत बसावं लागतं. त्या सकाळी निर्मात्यांचा फोन आला, "विहिरीतलं प्रेत आधी दाखवा."

सिनेमा थरारपट होता. कोकणातल्या पतपेढीतला एक रोखपाल. संकलक म्हणून मी लावलेली सुरुवात अशी: पहाटे तो घराला कुलूप लावतो, ओढून बघतो, चार पावलं जातो, थबकतो, परत येऊन पुन्हा ओढतो. मग किल्ली तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात ठेवतो. एक मिनिट चाळीस सेकंद, संवाद एकही नाही. शेवटचं रहस्य याच कोनाड्यावर उभं होतं. प्रेक्षकाने तो पाहायला हवा, पण आपल्याला मुद्दाम दाखवला असं त्याला वाटता कामा नये. त्या एका शॉटची लांबी ठरवायला मला तीन दिवस लागले होते.

निर्मात्यांना काळजी होती ती प्रेक्षक लगेच उठून जाण्याची. थिएटरात सेन्सॉरचं प्रमाणपत्र, तंबाखूची जाहिरात, लोगो आणि आपल्याकडच्या त्या न संपणाऱ्या आभाराच्या पाट्या यांतच लोकांचं लक्ष निम्मं खर्च होतं. त्यावर मात्र कुणी कात्री चालवू देत नाही.

दुपारी प्रेत आधी लावलं, मग 'तीन महिन्यांपूर्वी' अशी पाटी. संध्याकाळी अंधेरीतल्या एका प्रीव्ह्यू थिएटरात दोन वेगळ्या गटांना दोन्ही कट दाखवले. प्रेतवाल्या गटात कोनाडा कुणालाच आठवेना. मरणार कोण, एवढंच ते शोधत राहिले होते. मला हायसं वाटलं. मग माझा कट पाहिलेल्या गटातल्या एक बाई म्हणाल्या, "माणूस कळला हो. पण अर्धा तास मी घरगुती गोष्ट बघत होते. खून झाला तेव्हा फसवल्यासारखं वाटलं."

त्यांचं बरोबर होतं. हा कुठल्या जातीचा सिनेमा आहे, हे मी सांगितलंच नव्हतं.

रात्री 'टच ऑफ इव्हिल' (1958) हा हॉलिवूडचा सिनेमा आठवला. पहिल्याच शॉटमध्ये गाडीत बॉम्ब ठेवला जातो आणि तीन मिनिटांहून जास्त वेळ कट न करता कॅमेरा त्या गर्दीतून फिरत राहतो. स्टुडिओने त्यावर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत चढवलं. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने सिनेमातल्या बदलांवर 58 पानांचं टिपण लिहिलं. त्याला हवे होते बारमधून, गाडीच्या रेडिओतून येणारे तुकड्यातुकड्यांचे आवाज. 1998 साली संकलक वॉल्टर मर्चने त्या टिपणाबरहुकूम सिनेमा पुन्हा बांधला तेव्हा नावं आणि ते संगीत दोन्ही त्या शॉटवरून गेली. चित्र तेच, पण आता कान गाडीचा माग काढतो.

मी शेवटच्या प्रसंगातला रहाटाचा आवाज मागवला आणि रोखपाल थबकतो तिथे खाली घातला. रहाट कुरकुरतो, दोर सुटत राहतो आणि पोहरा पाण्याला टेकल्याचा आवाज येतच नाही. विहीर दिसत नाही. एक फ्रेमही हलवावी लागली नाही. निर्माते ऐकून गप्प झाले आणि म्हणाले, "प्रेत काढा."

मिक्सिंगच्या, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवण्याच्या दिवशी रोखपालाचं काम करणारा नट आला होता. सुरुवात पाहिल्यावर त्याने ती पुन्हा लावायला सांगितली. आता पडद्यावरचा माणूस नुसता संशयी उरला नव्हता. काहीतरी ऐकूनही परत कुलपाकडे वळणारा झाला होता. पुढच्या दोन तासांत तो जे जे करतो, त्या सगळ्यावर याची सावली पडते.

"मी तिथे काहीच ऐकत नव्हतो," तो म्हणाला. "गॅस बंद केलाय का, ते आठवत होतो."

आवाज आम्ही ठेवला. तो थबकतो त्या ३८ फ्रेम मी अजूनही कधीकधी आवाज बंद करून बघतो.