जुने रेडिएटर आणि कोमट पाणी

फोंड्यात गेली बावीस वर्षे मी एसी आणि फ्रिज दुरुस्तीचे काम करतो. माझी धाकटी बहीण इंग्लंडमधील स्विंडन शहरात राहते, जिथे आपल्या गोव्यातील पुष्कळ कुटुंबे स्थायिक झाली आहेत. डिसेंबरात तिचा फोन आला. "दादा, बॉयलर आता फार दिवस काढणार नाही. हीट पंप घ्यायचा तर घरातले सगळे रेडिएटर आणि पाइप बदलावे लागतील, असं इथला कंत्राटदार सांगून गेला. खरं का ते?" तिकडे गॅसच्या बॉयलरमध्ये तापलेले पाणी पाइपांतून भिंतीवरच्या रेडिएटरांत, म्हणजे पोकळ पत्र्यांत, फिरते आणि खोल्या उबदार ठेवते. एकही खोली न मोजता दिलेला तो सल्ला मला पटला नाही, आणि अशा सल्ल्यामुळे अनेक जण हा विचारच सोडून देत असतील याचे वाईट वाटले. म्हणून तिला जे सांगितले ते इथे नीट मांडतो.

हीट पंप म्हणजे आपल्या एसीचेच यंत्र, फक्त उलट दिशेने चालणारे. तोच कॉम्प्रेसर, तीच कॉइल. बाहेरच्या थंड हवेतील उष्णता गोळा करून तो ती घरातील पाण्याला देतो आणि एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळवून देतो. मात्र पाणी जितके अधिक तापवावे तितका कॉम्प्रेसरवरचा भार वाढतो. पाण्याचे तापमान एका अंशाने उतरवले की ढोबळमानाने दोन-अडीच टक्के वीज वाचते. प्रोपेनवर, म्हणजे आर-२९० वायूवर, चालणारे नवे पंप पाणी सत्तर अंशांपर्यंतही नेतात, पण रोज तसे चालवले तर पंप घेण्याचा फायदाच उरत नाही.

खरा प्रश्न असा, की पन्नास अंशांच्या पाण्यावर जुना रेडिएटर खोली उबदार ठेवू शकेल का. रेडिएटरच्या माहितीपत्रकात जे वॉट छापलेले असतात, ते पाणी खोलीपेक्षा सरासरी ५० अंशांनी अधिक गरम आहे असे धरून. हीट पंपाचे पाणी ५० अंशांनी आत गेले आणि ४५ने परतले, तर २० अंशांच्या खोलीशी फरक उरतो साडेसत्तावीस अंशांचा आणि रेडिएटर छापील आकड्याच्या जेमतेम ४६ टक्के उष्णता देतो. बहिणीच्या दिवाणखान्यात १२०० मिलिमीटर लांब, ६०० उंच, दुहेरी पत्र्याचा रेडिएटर आहे. छापील क्षमता सुमारे २१०० वॉट, म्हणजे प्रत्यक्षात साडेनऊशेच्या आसपास. बाहेर उणे दोन अंश असताना त्या खोलीतून सुमारे १२०० वॉट उष्णता निघून जाते, तेव्हा तो तिथे अपुरा. निजायच्या खोलीला मात्र पाचशे वॉट लागतात आणि तिथला रेडिएटर साडेपाचशे देतो, तेव्हा त्याला हात लावायचे कारण नाही. पूर्वीच्या कामगारांनी रेडिएटर हिशेबापेक्षा मोठे बसवून ठेवल्याचे अनेक घरांत आढळते, आणि नंतर खिडक्यांना दुहेरी काच, माळ्यावर लोकरीचा थर अशा सुधारणा झाल्यामुळे गरजही घटलेली असते.

हे कागदावरचे झाले. याहून भरवशाची परीक्षा जुन्या बॉयलरवरच घेता येते. कडाक्याच्या थंडीत, नळाच्या गरम पाण्याची मांडणी तशीच ठेवून, फक्त रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचे तापमान ५० अंशांवर आणायचे, सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचे आणि चार-पाच दिवस दिवसरात्र चालू ठेवायचे. बहिणीने जानेवारीत हे केले. दुसऱ्याच दिवशी भावोजींनी रेडिएटरला हात लावून पाहिले आणि तो कोमट लागल्यामुळे बिघडला असे त्यांना वाटले. मी त्यांना आपल्या घरच्या न्हाणीतील भाणाची, म्हणजे चुलीवर आंघोळीचे पाणी तापवायच्या मोठ्या भांड्याची, आठवण दिली: चुलीत दोन निखारे राहिले तरी भाणातील पाणी पहाटेपर्यंत तापलेले राहते, मात्र चूल विझवून ऐन वेळी पेटवली तर जाळ मोठा लागतो. हीट पंप सकाळ-संध्याकाळ तासभर भडकवण्याचे यंत्र नव्हे. मंद आणि अखंड चालणे हेच त्याचे काम, आणि बाहेर ऊब वाढली की त्याने पाण्याचे तापमान आपोआप उतरवावे अशी मांडणी करून घ्यावी. पाचव्या दिवशी निजायच्या दोन्ही खोल्या व स्वयंपाकघर वीस अंशांवर होते, न्हाणीघर अठरावर आणि दिवाणखाना साडेसतरावर. म्हणजे सहापैकी दोनच रेडिएटर बदलायचे. दिवाणखान्यात त्याच लांबीचा, तिहेरी पत्र्याचा बसेल, त्यामुळे भिंतीवरची जागाही बदलावी लागणार नाही.

पाइपांबद्दल कंत्राटदाराचे म्हणणे मात्र सर्वस्वी चुकीचे नव्हते. बॉयलरचे पाणी वीस अंशांनी थंड होऊन परतते, हीट पंपाचे पाच अंशांनी. तेव्हा तेवढीच उष्णता पोहोचवायला चौपट पाणी फिरवावे लागते. आठ-दहा मिलिमीटरच्या बारीक तांब्याच्या नळ्या असतील तर त्या तिथे अडतात. बहिणीकडे पंधरा व बावीसच्या आहेत, तेव्हा जुन्या रेडिएटरमधील काळा गाळ धुऊन काढला की पुरे.

पैशांबाबत खोटी आशा दाखवणार नाही. ब्रिटनमध्ये विजेचे युनिट गॅसच्या जवळपास चौपट महाग आहे. त्यामुळे एकाला तीन या प्रमाणाने बिल उतरत नाही, उलट थोडे वाढूही शकते, आणि म्हणूनच पाणी कमी तापमानावर चालवण्याला इतके महत्त्व आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑक्टोबर २०२३पासून ७५०० पौंडांचे सरकारी अनुदान मिळते, त्याचा आधार मोठा. जुन्या इमारतींना हे तंत्र मानवत नाही, ही समजूत तर मुळीच टिकत नाही: १६९८ साली पूर्ण झालेल्या, स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या नगरभवनात १९३८मध्येच लिमात नदीतील उष्णता घेणारा हीट पंप बसला होता.

बहिणीने आता दुसऱ्या माणसाकडून प्रत्येक खोलीच्या उष्णतेचा हिशेब लेखी मागितला आहे. अडचण उरली ती गरम पाण्याच्या टाकीची. तिच्या बॉयलरला टाकी लागत नव्हती, हीट पंपाला लागते. जिन्याखालच्या कपाटात आईने पाठवलेल्या सोलांच्या बरण्या आणि उकड्या तांदळाची पिशवी आहे. काल तिने ते रिकामे करून माप घेतले: रुंदी सत्तर सेंटिमीटर.