पाखाडीच्या 62 पायऱ्या

आमच्या घरापासून वरच्या रस्त्यापर्यंत जांभ्याची पाखाडी आहे. 62 पायऱ्या. लग्न होऊन आंजर्ल्याला आले तेव्हापासून डोक्यावर सुपारीची पाटी घेऊनही मी ती एका दमात चढायचे. 2021 च्या मे महिन्याच्या अखेरीस मात्र नवव्या पायरीवरच खाली बसले. छाती धडधडत होती, हात थरथरत होते. बोटाला लावायचं यंत्र पदरात बांधलेलं होतं. ऑक्सिजन 97, नाडी 146.

करोना एप्रिलमध्ये झाला होता. ऑक्सिजन 89 वर आला आणि नऊ दिवस रुग्णालयात काढले. तिथे रोज पोटावर एक इंजेक्शन देत. हा आजार छातीचा, मग इंजेक्शन रक्त पातळ करायचं कशाला, असं मी नर्सताईंना विचारलं. त्यांनी सांगितलं ते तेव्हापासून डोक्यात आहे. हा विषाणू फुप्फुसात थांबत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही सूज येते आणि रक्त गोठायला लागतं. गुठळी फुप्फुसात, मेंदूत, हृदयात कुठेही अडकू शकते. माझा डी-डायमर, म्हणजे रक्तात गुठळ्या होत असल्याची खूण देणारा आकडा, वाढलेला होता, म्हणून घरी येतानाही 35 दिवसांची गोळी दिली. तेवढे दिवस विळीवर बसायचं नाही, कोयती हातात घ्यायची नाही आणि अंग दुखलं तरी दुकानातून वेदनाशामक गोळी आणायची नाही, अशी ताकीद होती. नारळ खवायचं काम यांनी केलं.

मला घाई होती ती बागेची. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आमच्या पोफळी आडव्या झाल्या होत्या. नवी रोपं लावून वर्षही झालं नव्हतं. दोन दिवस बरं वाटलं की मी बागेत उतरायचे आणि पुढचे चार दिवस अंथरुणात जायचे. सासूबाई म्हणायच्या, "अगो, मोठी झाडं पडली तिथे रोपांची कसली घाई?" मला ते बोलणं लागायचं. आता वाटतं, माझं दुखणं त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

जूनमध्ये एका डॉक्टरांकडे ईसीजी आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. दोन्ही नॉर्मल. "भीती बसलीय मनात, देवाचं नाव घ्या," असं ऐकून परत आले. त्या रात्री मी रडले. रिपोर्ट चांगला आल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण न्हाणीघरात उभं राहून दोन तांबे अंगावर घेतले तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची, ती कुठल्या कागदावर लिहिलेली नव्हती.

चिपळूणला हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतली होती, पण 22 जुलैला चिपळूण बुडालं. भेट झाली ती ऑगस्टच्या शेवटी. त्यांनी आधी रक्त तपासून आणि इको पुन्हा करून हृदयाच्या स्नायूला सूज नाही याची खात्री केली. सूज असती तर तीन ते सहा महिने दमाचं कुठलंही काम बंद करावं लागलं असतं. मग मला दहा मिनिटं आडवं ठेवलं. नाडी 76. "वहिनी, आता उभ्या राहा, भिंतीला टेकून. बोलू नका." दर मिनिटाला मोजत होते. दहाव्या मिनिटाला 119, आणि रक्तदाब जवळजवळ होता तेवढाच. उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी तीसनं किंवा जास्त वाढते, रक्तदाब पडत नाही आणि असा त्रास महिनोनमहिने चालतो, त्याला पॉट्स म्हणतात. करोनानंतर तो बऱ्याच जणांना झालेला दिसला. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. तिथल्या शिरा वेळेवर आवळल्या नाहीत तर हृदय वेग वाढवून ती उणीव भरून काढतं. भीतीनं धडधडत नव्हतं. हृदय आपलं काम करत होतं, जास्तीचं.

उपाय ऐकून हे चकित झाले. भरपूर पाणी आणि मीठ. मी सकाळी उकड्या तांदळाची पेज मीठ घालून प्यायचे, दुपारी कोकमाच्या आगळाचं खारट पाणी. यांना रक्तदाब आहे, त्यामुळे त्यांचं भांडं वेगळं, बिनमिठाचं. हे मीठ डॉक्टरांनी माझा रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे रिपोर्ट बघून सांगितलं होतं, कुणीही आपल्या मनानं करू नये. मांडीपर्यंतचे घट्ट मोजे सकाळी अंथरुणातून उठण्याआधी चढवायचे. आपल्याकडच्या घामट हवेत ते फार जड जातं. आंघोळ पाटावर बसून, कोमट पाण्यानं. नाडी उतरवायची एक छोटी गोळीही होती.

व्यायाम मात्र आडवं पडून. ओटीवर चटई टाकून पाय उचलायचे, पहिल्या आठवड्यात पाचच मिनिटं. दुसऱ्या दिवशी थकवा वाढला तर लगेच कमी करायचं. हा नियम पाळायला मला सगळ्यात कठीण गेला, कारण कष्टाची सवय असलेल्या बाईला पडून राहणं म्हणजे आळस वाटतो. मी तीनदा तो मोडला आणि तिन्ही वेळा आठवडा गमावला. डॉक्टरांनी आणखी एक बजावलं होतं: एकच पाय सुजला, अचानक धाप लागली, शुद्ध हरपली किंवा कष्टानं छातीत दुखलं, तर घरी वाट बघायची नाही, थेट रुग्णालय.

फेब्रुवारी 2022 मध्ये नेचर मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांचा मोठा अभ्यास आला. करोना झालेले दीड लाखांहून जास्त लोक त्यात होते. त्यांच्यात वर्षभर हृदयविकार, पक्षाघात, गुठळ्या यांचा धोका इतरांपेक्षा जास्त दिसला, आणि जे रुग्णालयात गेलेच नव्हते त्यांच्यातही. ते बहुतेक पुरुष, माझ्यासारखी बागेतली बाई त्यात क्वचितच असेल. तरी मुलानं ते मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा जूनमधल्या त्या रात्रीचं ओझं उतरलं.

त्याच महिन्यात, माघी गणेशोत्सव झाल्यावर, पाखाडी चढले. विसाव्या पायरीवर बसले, चाळिसाव्या पायरीवर बसले. सासूबाई खालून अंगणातून मोजत होत्या. वर पोचले तेव्हा नाडी 112 होती. पाच मिनिटं गडग्यावर टेकून थांबले, 88 वर आली, मग उतरले. बागेत त्या दिवशी गेले नाही.