हेन्स्लोची वही आणि रोझचा पाया: नोव्हेंबरातले चार दिवस

शेक्सपियरच्या काळातल्या रंगभूमीचा अभ्यास करायला लंडनला जाणारे बहुतेक जण सुरुवात शेक्सपियरच्या ग्लोब नाट्यगृहापासून करतात. आमच्या मते क्रम उलटा हवा: आधी कागद, मग जागा, प्रयोग शेवटी. या फेरीत पहिले दोन दिवस कागदांसाठी दक्षिण लंडनमधलं डलिच, तिसरा जुन्या नाट्यगृहांच्या जागांसाठी थेम्सकाठचं बँकसाइड आणि चौथ्या संध्याकाळी प्रयोगासाठी वानामेकर नाट्यगृह, असा बेत होता.

डलिच कॉलेज ही आजही चालू असलेली शाळा आहे. तिचा संस्थापक एडवर्ड ॲलन हा त्या काळचा आघाडीचा नट. शाळेची स्थापना १६१९ची. त्याच्या बायकोचे सावत्र वडील फिलिप हेन्स्लो म्हणजे रोझ नाट्यगृहाचे मालक, म्हणून दोघांचे कागद इथे एकत्र राहिले. आधी वेळ घेतल्याशिवाय आत जाता येत नाही. तारखा ठरवताना शाळेच्या सुट्ट्याही बघा. इंग्लंडात ऑक्टोबरअखेरीस आठवडाभर सुट्टी असते. व्हिक्टोरियाहून वेस्ट डलिच किंवा लंडन ब्रिजहून नॉर्थ डलिच, दोन्हीकडून चालत जाता येतं.

‘हेन्स्लोचे कागद बघायचे आहेत’ असं मोघम पत्र पाठवू नका. हेन्स्लोच्या जमाखर्चाच्या वहीचा क्रमांक ७, शिवाय नेमकी पानं लिहा आणि मूळ प्रतच का हवी तेही लिहा. हे सगळे कागद छायाचित्रांच्या रूपात इंटरनेटवर फुकट आहेत, त्यामुळे नुसतं वाचन घरी बसून होतं. शाईच्या छटा, कागदातला जलचिन्हाचा ठसा, शिवण, खोडलेल्या जागा, ही कारणं पटण्यासारखी असतात. सोबत पेन्सिल, भिंग आणि फूटपट्टी असली की पुरे. पेन बाहेर ठेवायचं. पांढरे हातमोजेही लागत नाहीत. हात धुवून कोरडे करायचे, कारण मोज्यांत बोटांना पानाची कड नीट कळत नाही.

खरी अडचण लिपीची. त्या काळच्या इंग्रजी हस्ताक्षराचं हे वळण ‘सेक्रेटरी हँड’ म्हणून ओळखलं जातं. मोडी वाचणाऱ्यांना इथे चांगली सुरुवात मिळते, कारण हात न उचलता लिहिल्यामुळे अक्षरं कशी एकमेकांत शिरतात हे त्यांच्या डोळ्याला सवयीचं असतं. ‘ई’ उलटा वळतो, ‘सी’ हा ‘आर’सारखा दिसतो, ‘एच’चं शेपूट ओळीखाली लोंबतं. रोमन आकड्यातला शेवटचा दंड खाली ओढून ‘जे’ करतात. हिशेब १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड असा. रुपये-आणे-पैचे जुने कीर्दवही-खतावणीचे कागद ज्यांनी चाळलेत त्यांना हा गुणाकार जड जाणार नाही. जाण्याआधी रोज एक पान उतरवून छापील आवृत्तीशी ताडत जा. महिनाभर तरी हे करा, नाहीतर वाचनकक्षातला पहिला दिवस अक्षरं लावण्यातच जातो.

नमुना म्हणून पान ७ घ्या. तिथे ‘हॅरी द सिक्स्थ’ या नाटकाच्या प्रयोगाची नोंद आहे: ३ मार्च १५९१, जमा ३ पौंड १६ शिलिंग ८ पेन्स. या एका ओळीत तीन खड्डे आहेत. त्या वेळी तिथे नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणून आपल्या हिशेबाने हे साल १५९२. रक्कम ९२० पेन्स होते, पण माणशी एक पेनी धरून प्रेक्षक ९२० होते असं म्हणता येत नाही. ही हेन्स्लोच्या वाट्याची रक्कम आहे आणि तो वाटा बहुधा प्रेक्षकांच्या सज्ज्यांतून आलेल्या उत्पन्नाचा निम्मा असावा, असं अभ्यासक मानतात. तिसरा खड्डा म्हणजे समासातली ‘ने’ ही खूण. ती ‘नवं नाटक’ असं सांगते असं धरून प्रबंधात तारखांची यादी लावू नका, कारण नवीन नसलेल्या नाटकांपुढेही ती आढळते.

वहीत एकोणिसाव्या शतकातल्या बनावट नोंदीही आहेत. त्या घुसडणारा होता अभ्यासक जॉन पेन कॉलियर. मार्लोच्या ‘डॉक्टर फॉस्टस’ नाटकात भर घातल्याबद्दल २० डिसेंबर १५९७ रोजी नाटककार डेकरला पैसे दिल्याची नोंद त्यातलीच. नोव्हेंबर १६०२मध्ये त्याच नाटकातल्या भरीसाठी बर्ड आणि रोली यांना दिलेले ४ पौंड मात्र खरे. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून शाई आणि वळण बघा. एवढ्यासाठी मूळ प्रतीचा हट्ट धरायला हरकत नाही.

१५९८ची नाटकांच्या सामानाची यादी मात्र मागू नका. ‘फॉस्टसमधला ड्रॅगन’, ‘नरकाचं तोंड’, ‘रोम शहर’ अशा वस्तूंची ती सुंदर यादी मूळ रूपात हरवली आहे. शेक्सपियरचा अभ्यासक एडमंड मलोनने १७९०मध्ये छापली म्हणून ती आपल्यापर्यंत आली.

हेन्स्लो आणि ॲलन यांच्या फॉर्च्यून नाट्यगृहाचा ८ जानेवारी १६००चा बांधकाम करार डलिचमध्ये आहे. इमारत चौकोनी, बाहेरून प्रत्येक बाजू ८० फूट, आतून ५५, रंगमंच ४३ फूट रुंद, सुताराला ४४० पौंड. आकडे इतके नेमके आहेत की लगेच आराखडा काढावासा वाटतो. पण करारात बऱ्याच बाबी ‘ग्लोबप्रमाणे’ एवढ्यावरच सोडल्या आहेत, आणि सोबतचा नकाशा आज नाही.

हे आकडे डोक्यात घेऊन तिसऱ्या दिवशी पार्क स्ट्रीटला जा. १५८७मध्ये बांधलेल्या रोझचा पाया १९८९मध्ये एका कार्यालयाच्या इमारतीखाली सापडला. तो वाळू आणि पाण्याखाली झाकून ठेवला आहे, त्यामुळे दगडविटा दिसत नाहीत, लाल दिव्यांनी आखलेली बाह्यरेषाच दिसते. तरी जावं, कारण पहिला मंच जेमतेम ५ मीटर खोल आणि पुढे निमुळता होता हे कागदावर पटत नाही. तिथे उभं राहिलं की पटतं. आत थंडी असते, जाड कोट न्या. उघडे दिवस मोजके असतात, तेव्हा आधी चौकशी करा आणि मगच विमानाचं तिकीट काढा. तिथून दोन मिनिटांवर मूळ ग्लोबची जागा आहे. तिचा बहुतेक भाग घरांखाली असल्याने फार थोडाच खणता आला. सध्याचं ग्लोब, १९९७चं, त्या जागेपासून काहीसं दूर आहे.

नोव्हेंबरात खुल्या ग्लोबमध्ये फेरफटकाच मारता येतो. शेजारच्या सॅम वानामेकर या बंदिस्त नाट्यगृहात, २०१४पासून, मेणबत्त्यांच्या उजेडात प्रयोग होतात. बाकांना पाठ नाही, छोटी उशी हवीच. स्वस्त वरच्या जागांवरून मंचाचा कोपरा तुटतो, शिवाय झुंबरं खाली आली की नटाचा चेहरा झाकला जातो. अभ्यासासाठी बाजूच्या सज्ज्यातली पुढची रांग घ्या: तिथून समोरचे प्रेक्षकही दिसतात आणि झुंबर केव्हा वर जातं, केव्हा खाली येतं, याच्या वेळा अंकवार टिपता येतात. वही मांडीवर धरून अंधारात लिहायचं आहे, तेव्हा रकाने घरूनच आखून न्या.