आमची वाटचाल : जुनं आच्छादन उतरवण्याआधी

बोटींवरची कापडी आच्छादनं शिवणं हा आमचा धंदा. सुकाणूवरचं छत, समोरच्या आणि बाजूच्या पारदर्शक खिडक्या, मागचा पडदा आणि हे सगळं पेलणारी पाइपची चौकट, एवढं मिळून एक आच्छादन होतं. आज आमच्याकडे येणारं बहुतेक काम जुनं काढून नवं बसवायचं असतं. सुरुवात मात्र दुरुस्तीनेच झाली. कुणाची चेन लागत नसे, कुणाची शिवण उसवलेली, कुणाची खिडकी पिवळी पडून पलीकडचं दिसेनासं झालेलं. मोजमाप आणि हिशेब माझ्याकडे, मशीन धाकट्या भावाकडे. जाड कापडाचे चार-पाच थर न अडखळता ओढेल, वरचा पायही कापड पुढे सरकवेल असं एक दणकट शिलाई मशीन आणि कापड पसरायला मोकळी जमीन, एवढ्यावर दुकान सुरू झालं.

दुरुस्तीत पैसा बेताचाच. पण नवं शिवणाऱ्याला जे सहसा दिसत नाही ते आम्हाला रोज दिसायचं : आपण शिवलेली वस्तू नेमकी कुठून आणि कशाने जाते. सगळ्यात आधी जातो तो दोरा. कापड धडधाकट आणि शिवण खलास, असं आच्छादन आठवड्याला एखादं तरी यायचंच. त्याचं कारण साधं आहे. बोटींसाठी जे अ‍ॅक्रिलिक कापड वापरतात (सनब्रेला हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं नाव) त्यात रंग तंतू बनतानाच मिसळलेला असतो. म्हणून तो उन्हाने सहजी उडत नाही आणि नीट राखलं तर कापड १० वर्षं निघतं. पॉलिएस्टरचा दोरा मात्र कडक उन्हात ४-५ वर्षांतच विरतो. त्यातही छतावरच्या शिवणी आधी जातात, कारण दिवसभर ऊन त्यांच्यावरच पडतं. बाजूच्या पडद्यांच्या शिवणी त्यानंतर बराच काळ तग धरतात.

ही परीक्षा कुणालाही घरच्या घरी करता येते. छतावरच्या शिवणीवर अंगठ्याचं नख दाबून ओढायचं. दोरा जिवंत असेल तर नख नुसतं घसरतं. मेला असेल तर आधी बारीक तुसं निघतात, मग टाकेच सुटायला लागतात. अशी कितीतरी छतं आम्ही सगळीच्या सगळी पुन्हा शिवून दिली.

त्यातूनच आम्ही पीटीएफई दोऱ्याकडे वळलो. हा टेफ्लॉनच्या जातीचा दोरा, टेनारासारख्या नावांनी मिळतो. ऊन, मीठ, क्लोरीन, कशाचाच त्याच्यावर परिणाम होत नाही. किंमत पॉलिएस्टरच्या कित्येक पट, आणि अंगाने इतका निसरडा की मशीनवर नेहमीचा ताण ठेवला तर टाका बसतच नाही. भावाने रद्दी कापडावर रिळंच्या रिळं वाया घालवली तेव्हा कुठे वरचा-खालचा ताण जुळला. आता शिवणीची दोन्ही टोकं उलटसुलट टाके मारून बंद करतो, नाहीतर टोकापासून दोरा सुटत जातो. गिऱ्हाईक दोऱ्याचा भाव ऐकून दचकतं. पण पूर्ण आच्छादनाच्या खर्चात दोरा असतोच केवढा? पाच वर्षांनी सगळं उतरवून पुन्हा शिवायची मजुरी त्याहून कितीतरी जास्त पडते. नव्या कामात आम्ही दुसरा दोरा वापरतच नाही. इथे काटकसर करायची असेल त्यांना आम्ही नम्रपणे नाही म्हणतो.

नव्या कामाकडे आमची गाडी वळली ती एका वयस्कर जोडप्यामुळे. साहेबांनी जुनं आच्छादन आमच्यापुढे टाकलं आणि म्हणाले, “आधी होतं तसंच करून द्या.” बाई लगेच म्हणाल्या, “अहो, तसंच कशाला? त्या मागच्या चेनेशी रोज वाकून झटायचं मला.” मग त्या एकेक सांगत गेल्या. चेन खालून वर उघडायची, त्यामुळे धक्क्यावरून बोटीत पाय टाकताना गुडघ्याशीच गुंता. साहेब बसून बोट चालवतात तेव्हा आडवी शिवण बरोबर डोळ्यांसमोर येते, म्हणून ते मान वाकडी करून बघतात. उजवीकडची खिडकी गुंडाळता येते, पण बांधायचे पट्टे इतके वर की त्यांचा हात पोचत नाही, म्हणून ती कधी उघडलीच गेली नाही. साहेब गप्प. या सगळ्याची त्यांना इतकी सवय झाली होती की त्यात काही बदलता येईल हे डोक्यातच आलं नव्हतं.

ते आच्छादन आम्ही जमिनीवर पसरलं आणि न सांगितलेल्या गोष्टीही दिसायला लागल्या. छताच्या एका कोपऱ्यात बशीएवढं काळं वर्तुळ, म्हणजे तिथे पाणी साचत होतं. पुढच्या खिडकीच्या वरच्या कडेला तपकिरी आडवी रेघ : तापलेल्या पाइपला टेकून पारदर्शक शीट करपलेली. एकाच टिचबटणाच्या जागी तिसऱ्यांदा लावलेलं ठिगळ, म्हणजे तिथली ओढ त्या बटणाला झेपत नव्हती. जुनं आच्छादन इतकं बोलतं. म्हणून आम्ही एक शिरस्ता पाडला : पहिली भेट बोटीवरच, आणि जुनं आच्छादन चढवलेलं असताना. मालकाने सुकाणूपाशी बसून दाखवायचं, उभं राहून दाखवायचं, बोटीत चढून-उतरून दाखवायचं. कोणती चेन शिव्या खाते आणि कोणता पडदा कधीच उघडला जात नाही, हे दोन प्रश्न ठरलेले. घरातली सगळी माणसं बोटीवर असतील तर उत्तम. चालवणाऱ्याच्या आणि दोर बांधणाऱ्याच्या तक्रारी कधी एक नसतात.

माप मात्र जुन्यावरून घेत नाही. यावर बऱ्याच जणांशी वाद होतो, कारण जुने पडदे टेबलावर ठेवून कापणं सोपं आणि स्वस्त. पण खिडक्यांचं पारदर्शक विनाइल (मऊ प्लॅस्टिकची शीट) वर्षानुवर्षं उन्हात आकसतं आणि त्याच्या कडेचं कापड तेवढ्याच वर्षांत ताणलं जातं. त्याची हुबेहूब नक्कल केली तर नवा पडदा पहिल्या दिवसापासूनच तोकडा. आम्ही आधी चौकट तपासतो. पाइप वाकलाय का, सांध्यांचे स्क्रू ढिले झालेत का, छताला पुढून मागे पाणी निथळेल एवढा उतार आहे का. पाणी साचत असेल तर कापड कितीही ताणा, उपयोग नाही. मध्ये एक कमान वाढवावी लागते किंवा आहे ती उचलून घ्यावी लागते. चौकट पक्की झाली की तिच्यावर जाळीदार धाग्याची पारदर्शक प्लॅस्टिक फिल्म दुतोंडी चिकटपट्टीने ताणून लावायची आणि कडा, चेनांच्या जागा, बटणं, डोळ्यांची उंची असं सगळं त्यावरच आखायचं. आता लेझरने मापं घेणारी यंत्रं आली आहेत, आम्हीही घेतलं. कापणी झटपट होते आणि पुढच्या वेळेसाठी आराखडा साठवलेला राहतो. पण अवघड वळणाच्या बोटीवर भाऊ अजून फिल्मच लावतो, आणि मला त्याचंच पटतं.

हवामानाचाही हिशेब धरावा लागतो. विनाइल थंडीत आखडतं, उन्हात सैलावतं. भर दुपारी ढोलासारखा ताणून बसवलेला पडदा गारठलेल्या सकाळी बटणापर्यंत पोचतच नाही. म्हणून मापं मध्यम तापमानात घेतो आणि गारठ्यातही बंद होईल एवढी सूट ठेवतो. दुपारी थोडी सुरकुती दिसेल, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकलेलं बरं.

खिडक्यांसाठी काय वापरायचं याचं एकच एक उत्तर आमच्याकडे नाही. गुंडाळीवर मिळणारी साधी शीट स्वस्त, पण तिच्यातून पाहताना नजर हलते. दाबून पॉलिश केलेली सपाट शीट काचेच्या जवळ जाते. त्यावर ओरखडे रोखणारा लेप असला तर जास्त टिकते. सुकाणूसमोर आम्ही १ मिलिमीटर जाडीची वापरतो. ज्या खिडक्या रोज गुंडाळायच्या तिथे पाऊण मिलिमीटर पुरे, कारण जाड शीट गुंडाळायला जड आणि थंडीत तर हट्टी. पॉलिकार्बोनेटच्या कडक खिडकीतून फार सुरेख दिसतं, पण ती गुंडाळता येत नाही. उतरवून सपाट ठेवायला जागा लागते. छोट्या बोटीवर ती जागा कुठून आणायची? तरी हौसेने मागणारे मागतात. त्यांना आम्ही आधी विचारतो, उतरवलेली खिडकी कुठे ठेवणार ते दाखवा. आणि आता कुठलीही पारदर्शक शीट पाइपला टेकू देत नाही. जिथे पाइप जवळून जातो तिथे मध्ये कापडाची रुंद पट्टी येते.

चेन १० नंबरची, साच्यात ओतलेल्या जाड प्लॅस्टिक दातांची. धातूचे दात खारट हवेत गंजून आवळतात. रनर दोन्ही बाजूंनी ओढता येईल असा, म्हणजे आतून बाहेरून कुठूनही उघडता येतो. चेनेवर कापडाची झडप ठेवतो. ऊन आणि पाऊस दोन्ही अडतात. ओढ जास्त तिथे टिचबटणाऐवजी फिरकीचं बटण, आणि जमेल तिथे बटणंच नकोत : खाच असलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बसवायची आणि दोरी शिवलेली कड तिच्यात सरकवायची. पट्टीमुळे कडेलाच पाणी अडतं आणि ताणही सगळीकडे सारखा वाटला जातो.

जुनं काढल्यावर राहणाऱ्या भोकांकडे फार कमी लोक लक्ष देतात. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बऱ्याच बोटींत हलकं लाकूड असतं. टिचबटणाच्या ढिल्या स्क्रूतून पाणी तिथे मुरतं आणि आतल्या आत लाकूड कुजत जातं. बटणांच्या जागा बदलल्या की जुनी भोकं आम्ही साफ करून इपॉक्सीने बुजवतो आणि नव्या प्रत्येक स्क्रूखाली सीलंट घालतो. स्क्रू ३१६ दर्जाचे स्टेनलेस. हे काम दिसत नाही, त्यामुळे त्याचे पैसे मागताना जरा जास्त बोलावं लागतं.

हवेच्या बाबतीत मात्र आम्ही कुणाचं ऐकत नाही. “पुढची खिडकी उघडायला नको, नाहीतर पाणी येतं,” असं सांगणारे बरेच भेटतात. बोट पुढे जाते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. पुढचं आणि बाजूचं सगळं बंद आणि मागचा पडदा उघडा असेल, तर इंजिनाचा धूर त्या कमी दाबाच्या जागेतून उलटा आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. डोकं दुखायला लागतं, मळमळतं, आणि माणूस समजतो बोट लागली. आच्छादन जितकं चांगलं, जितकं घट्ट, तितका हा धोका मोठा. म्हणजे आमच्या कामाच्या चांगुलपणातूनच तो येतो. म्हणून समोर निदान एक खिडकी उघडणारी असल्याशिवाय आम्ही काम हातात घेत नाही. तिच्या आत वेगळी जाळी बसवून देतो, म्हणजे डासांच्या भीतीने ती बंद राहत नाही. बोट जागेवर उभी असताना इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून सगळे पडदे लावू नका, आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारं यंत्र बसवा, हे आम्ही पावतीवरच छापलं आहे. या अटीमुळे काही कामं दुसरीकडे गेली. जाऊ देत.

मशीनं वाढली, माणसं वाढली. कडेची पट्टी बसवण्याचं काम आमच्याकडच्या दोन बायका करतात; वळणावर एक सुरकुती न पडता पट्टी फिरवणं मला आजही जमत नाही आणि भावालाही नाही. कामाची गर्दी नेहमी हंगामाच्या तोंडावरच उसळते. बोट पाण्यात उतरवायची वेळ झाली की सगळ्यांना एकदम फाटलेली शिवण आठवते. हंगाम संपता संपता जो येतो त्याचं माप निवांत घेतलं जातं आणि चर्चेलाही वेळ मिळतो.

काम सोपवून झालं की काही आठवड्यांनी आम्ही पुन्हा बोटीवर जातो. तोवर कापड चौकटीवर बसलेलं असतं, एखादं बटण थोडं सरकवावं लागतं, पट्टे आवळावे लागतात. हा खर्च मूळ दरातच धरलेला असतो. याच फेरीत साफसफाईही दाखवून देतो : आधी भरपूर गोडं पाणी ओतून मीठ आणि धूळ घालवायची, मग सौम्य साबण, मऊ फडकं. कोरडं पुसलं की ओरखडे आलेच. अमोनिया किंवा अल्कोहोल असलेला काच पुसायचा द्रव विनाइलला लावायचा नाही. सनस्क्रीन किंवा डासांचं मलम लागलेल्या हाताने खिडकी धरू नये, डाग कायमचा बसतो. खिडकी गुंडाळताना मध्ये मऊ कापड ठेवायचं, घडी कधीच घालायची नाही, आणि ओली गुंडाळून ठेवायची नाही. वादळाची सूचना आली तर पडदे काढून आत ठेवायचे. वारा त्यांना धरतो तेव्हा ओढ चौकटीवर आणि बोट बांधलेल्या दोरांवर येते.

जुनं आच्छादन तेव्हाच टाकून देऊ नका, असंही सांगतो. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी ते एक हंगाम तरी ठेवावं. नव्याचा एखादा पडदा दुरुस्तीला आमच्याकडे आला तर तेवढे दिवस जुना पडदा तिथे टांगून भागतं. अर्थात चेन दोन्हीकडे जुळत असेल तरच. म्हणून बदलताना, दुसरं काही अडत नसेल तर, छताच्या कडेची चेन आम्ही त्याच जागी आणि त्याच मापाची ठेवतो.